तंबाखू पिंजऱ्याचा कुंचला

मित्रांनो, माझ्या डोक्यावर आता मोजकेच केस उरले आहेत. दांडीचा रंग उडाला आहे. पत्र्याची गळपट्टी सैल झाली आहे, त्यामुळे मला उचललं की मान आधी येते आणि डोकं सवडीने येतं. अशा जुन्या कुंचल्याला कुणी काही विचारत नाही. म्हणून मी आपणहून सांगतो.

माझे केस खारीच्या शेपटीचे. आधी शेपटी खारीला होती, नंतर ती कारागिराकडे होती. मधल्या भागाबद्दल आमच्या घराण्यात बोलत नाहीत. माझी चण इतकी बारीक की वर्ध्याच्या हिरालाल पेंटरांनी मला फक्त एका कामाला ठेवलं. दुकानांच्या पाट्यांवर अनुस्वार द्यायचे. अक्षरं काढायची ती जाड कुंचल्यांनी, शेवटी वरचा ठिपका माझा.

ठिपका म्हणजे लहान काम, असं तुम्हाला वाटेल. एकदा ‘रामाजी आणि भागीदार’ ही कापसाच्या अडतीची पाटी रंगवून झाल्यावर, मला हातात धरून कुठे अनुस्वार लागतो का ते शोधताना हिरालालजींना शिंक आली आणि मी नको तिथे टेकलो. पाटी ‘रामाजी आणि भांगीदार’ झाली. संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पायरीवर चार माणसं लोटे घेऊन शांतपणे बसली होती.

त्यानंतर आम्ही डॉक्टर वासुदेवरावांकडे गेलो. ते दातांचे डॉक्टर. त्यांनी मजकूर सांगितला, ‘येथे दात काढले जातात’. हिरालालजींनी तो सुरेख रंगवला. दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाणारी पोरं पाटीसमोर रांगेने उभी राहून दात काढू लागली. “डाक्टरसाहेब, आमी बी काढून राह्यलो जी! पाहा!” असं ओरडून पळायची. डॉक्टरांनी हिरालालजींना बोलावून पाटी बदलायला सांगितलं. हिरालालजींना राग आला. शुद्धलेखनाची एकही चूक नसलेली ती त्यांच्या आयुष्यातली पहिली पाटी होती. ते तरातरा निघून गेले आणि मला खिडकीत विसरले.

असा मी वैद्यकीय क्षेत्रात आलो.

दवाखान्यात तीन माणसं होती. डॉक्टर पुढच्या खोलीत दात उपटायचे. बंडूजी कंपाउंडर. ते किराणा दुकानदाराच्या घरातले. औषधाची पुडी अशी बांधायचे की रोग्याला वाटावं आत साखर आहे. आणि तानाबाई. ती झाडलोट करायची, पाणी उकळायची आणि डॉक्टरांना उलट उत्तरं द्यायची. पगार पहिल्या दोन कामांचा होता.

ते साल सत्तावन्न. आदल्या वर्षी तानाबाई नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. तिने उपास सोडले, नवस सोडले, अंगात येणाऱ्या बायांकडे जाणं सोडलं. तंबाखू तेवढी सुटली नाही. तळहातावर तंबाखू, त्यावर चुना, अंगठ्याने घोटायचं आणि चिमूट डाव्या गालात. दिवसभर ती चिमूट तिथे मुक्कामाला असायची.

त्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. डॉक्टरांनी तिला आरसा धरून तो दाखवला.

“हा आज दुखत नाही, तानाबाई. पण पुढं याची जखम होऊ शकते. भरून न येणारी. कर्करोग म्हणतात त्याला. तुमच्या भावाला झाला होता तो.”

तिचा भाऊ लहानू दोन वर्षांपूर्वी तशाच जखमेने गेला होता.

“लहानू तंबाखू खाये, हे खरं,” तानाबाई म्हणाली. “पण तो बिडी बी पिये. मिरचीचा ठेचा बी खाये. आन बायकोशी भांडे बी. त्याले कायनं झालं, हे तुमाले कसं समजलं जी?”

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. मग म्हणाले, “दोन लहानू असते तर कळलं असतं. सगळं सारखं. एकाला तंबाखू, दुसऱ्याला नाही.”

“एकच होता जी,” तानाबाई म्हणाली. “तो बी गेला.”

त्या आठवड्यात डॉक्टरांनी मुंबईच्या एका ओळखीच्या प्रयोगशाळेतून पांढरे उंदीर मागवले. ते रेल्वेने आले. पेटीवर ‘जिवंत’ असं लिहिलं होतं.

“कोन जिवंत हाय यात?” वर्ध्याच्या फलाटावर हमालाने विचारलं.

“उंदीर,” बंडूजी म्हणाले.

हमालाने पेटी उचलून डोक्यावर घेतली आणि विचारलं, “काऊन? वर्ध्यातले सरले का?”

मागच्या खोलीत दोन पिंजरे मांडले. एकावर चिठ्ठी, ‘तंबाखू’. दुसऱ्यावर, ‘साधे’. दोन्हीकडे दाणा एक, पाणी एक, उजेड एक. रोज एकदा प्रत्येक उंदराच्या गालात कुंचला फिरवायचा. पहिल्या पिंजऱ्यात तंबाखू-चुन्याचं गाळलेलं पाणी, दुसऱ्यात नुसतं पाणी. नुसत्या पाण्याचाही कुंचला कशाला, असं बंडूजींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, “उद्या कुणी म्हणायला नको की चट्टा कुंचल्याच्या टोचण्यानं पडला. दोघांमध्ये फरक एकच राहिला पाहिजे, तंबाखूचा. माणसाच्या बाबतीत हे जमत नाही. म्हणून उंदीर.”

साध्या पिंजऱ्यासाठी नवा कोरा कुंचला आणला. तंबाखूसाठी, खिडकीत पडलाच आहे म्हणून, मला घेतलं. रॉकेलने धुतलं, साबणाने धुतलं, उकळत्या पाण्यात बुडवलं. इतकी स्वच्छता माझ्या वाट्याला कधी आली नव्हती आणि तीही तंबाखूत बुडवण्यासाठी.

तानाबाईने पिंजऱ्यांत वाकून पाहिलं. “हे का तुमचे दोन लहानू?”

त्या दिवसापासून ती सगळ्याच उंदरांना लहानू म्हणू लागली. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “डाक्टर, माह्यं ऐकजा. ह्या पिंजऱ्यातल्या लहानूयले डाग पडला आन त्या पिंजऱ्यातल्यायले नाई पडला, त मी तंबाखू सोडीन. दोन्हीकडं सारखंच राह्यलं, त तुमी मले बोलणं सोडजा.”

“कबूल,” डॉक्टर म्हणाले.

माझ्या नव्या नोकरीबद्दल थोडं सांगतो. काम जुनंच होतं. ठिपका द्यायचा. पूर्वी तो अक्षराच्या डोक्यावर होता, आता उंदराच्या गालात. उंदीर चावायचे. खार आणि उंदीर लांबचे भाऊबंद, त्यामुळे मी ते घरगुती भांडण समजून सोडून देत असे. त्यांना तंबाखू आवडत नव्हती. ते डोळे मिटायचे, पुढच्या दोन पायांनी तोंड पुसायचे आणि पुसून होताच पुन्हा दाणा शोधायला लागायचे. माझ्यावर त्यांनी राग धरला नाही. विसरले असतील. मी विसरलो नाही, पण त्याचा त्यांना उपयोग नव्हता.

पुढे कापसाचा हंगाम आला. बाजारात गाड्यांची रीघ लागली आणि गाड्यांबरोबर खेडोपाडीचे दुखरे दातही आले. डॉक्टरांना मागच्या खोलीत यायला फुरसत मिळेना. त्यांनी कुंचल्यांचं काम बंडूजींकडे सोपवलं.

मित्रांनो, इथे बंडूजींची खरी ओळख करून दिली पाहिजे. ते कंपाउंडर पोटासाठी होते. मनाने ते वाढपी होते. लग्न कुणाचंही असो, पंगतीत वाढायला बंडूजी. त्यांचा हात म्हणजे तराजू. पहिल्या पानावर जेवढा भात, शेवटच्या पानावर तेवढाच. मामाच्या पानावर दोन जिलब्या आणि परक्याच्या पानावर एक, असं त्यांच्या हातून कधी झालं नाही. जगात चोरी, खोटेपणा वगैरे पापं आहेत हे त्यांना ऐकून माहीत होतं. पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं पाप एकच, पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाला वाढायचं आणि दुसऱ्याला वगळायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला घेऊन तंबाखूचा पिंजरा व्यवस्थित पार पाडला. मग साध्या पिंजऱ्याकडे वळले. तिथले उंदीर जाळीला नाकं लावून वर बघत होते. उंदीर तसे बघतातच. पण बंडूजींचा हात थांबला. वाढपी पुढे निघून गेल्यावर मागे राहिलेली माणसं अशीच बघतात.

“अरे बापा,” ते हळूच म्हणाले, “एकाच घरचे पाव्हणे तुमी. त्यायले चविष्ट आन तुमाले नुसतं पाणी?”

आणि त्यांनी मला पुन्हा तंबाखूत बुडवलं.

“घ्या. थोडंच हाय. सावकाश होऊ द्या.”

तेव्हापासून रोज हेच. दोन्ही पिंजऱ्यांत मीच फिरलो. कोरा कुंचला पेल्यात तसाच उभा राहिला. दुकानातून आणताना केस ताठ राहावेत म्हणून त्यांना डिंक लावलेला असतो, तोही उतरला नव्हता. तो मला म्हणाला, आपली नोकरी बरी आहे. मी काही बोललो नाही.

बोलून तरी काय झालं असतं? कुंचल्याला काही सांगायचं असेल तर कुणीतरी हातात धरावं लागतं, आणि मग धरणाऱ्याला जे सांगायचं असतं तेच आमच्याकडून सांगितलं जातं. डॉक्टर रोज पुढच्या खोलीतून ओरडून विचारायचे, “बंडूजी, दोन्हीकडं झालं का?” बंडूजी उत्तर द्यायचे, “झालं जी! एकदम सारखं!” डॉक्टर निश्चिंत व्हायचे.

होळी गेली, ऊन तापलं, मृग लागला. पोळ्याच्या सुमारास एका सकाळी डॉक्टरांनी भिंग घेतलं आणि तंबाखूच्या पिंजऱ्यातला एकेक उंदीर तपासला. गालांत पांढरे चट्टे होते. डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्यांनी मला पेल्यातून काढून, “शाबास,” असं म्हटलं. आयुष्यात मला मिळालेली ती एकमेव शाबासकी. पुढची पाच मिनिटं ती टिकली.

मग त्यांनी साध्या पिंजऱ्यातले उंदीर तपासले. तिथेही चट्टे होते. तसेच, तेवढेच, त्याच ठिकाणी.

डॉक्टर प्रामाणिक माणूस. त्यांनी तानाबाईला बोलावून भिंगातून दोन्ही पिंजरे दाखवले. “तंबाखू लावली त्यांनाही आहे, लावली नाही त्यांनाही आहे. म्हणजे हे तंबाखूनं झालं असं मला म्हणता येत नाही.”

“मंग कायनं झालं?”

“माहीत नाही.”

तानाबाईने कंबरेची पिशवी काढली, तिथेच उभ्या उभ्या तंबाखू घोटली आणि गालात ठेवली. “मी जिंकली जी,” ती म्हणाली. पण म्हणताना ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, पिंजऱ्याकडे बघत होती.

डॉक्टरांनी शब्द पाळला. त्यांनी तिला बोलणं सोडलं. आता तिला अडवणारं कुणी नव्हतं, त्यामुळे एका चिमटीच्या दोन झाल्या. मी सगळं पाहत होतो. दोन्ही पिंजऱ्यांत काय झालं होतं हे त्या दवाखान्यात फक्त दोघांना माहीत होतं. त्यातल्या एकाला आपल्याला काही माहीत आहे हे माहीत नव्हतं आणि दुसऱ्याला तोंड नव्हतं.

एके दुपारी पिंजरे झाडताना तानाबाई थांबली. चहाचा घोट घेऊन तिने गाल हाताने दाबून धरला होता. जाळीशी तोंड नेऊन ती म्हणाली, “लहानू, मले झोंबून राह्यलं रे. लय झोंबते. डाक्टरले सांगजो नको.”

उंदरांनी सांगितलं नाही.

काही दिवसांनी डॉक्टर मागच्या खोलीत आले. थकलेले दिसत होते. “बंडूजी, हे सगळं आवरून टाकू. इतके महिने खपलो, आणि दोन पिंजऱ्यांत तसूभर भेद नाही.”

मित्रांनो, शब्द एकच असतो, ऐकणारे कान वेगळे असतात. बंडूजींचे डोळे भरून आले.

“नसनच जी,” ते म्हणाले. “माह्या हातून भेद व्हणारच नाई. वीस-पंचवीस वर्सं वाढून राह्यलो. पहिल्या पानाले जे, ते शेवटच्या पानाले.”

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिले. “साध्या पिंजऱ्याला तुम्ही काय लावत होता?”

“जे त्यायले, तेच यायले.”

“तंबाखू?”

“आता पंगत म्हटली म्हणजे...”

“आणि हा कुंचला?” डॉक्टरांनी कोरा कुंचला उचलला. केस डिंकाने काडीसारखे ताठ होते.

“तो कायले खराब कराचा?” बंडूजी म्हणाले. “एकाच पळीनं वाढलं.”

डॉक्टर जवळच्या स्टुलावर बसले. त्यावर दाण्याची टोपली होती. ते टोपलीतच बसले आणि उठले नाहीत.

तानाबाई दारात उभी होती. तिच्या तळहातावर तंबाखू होती, अंगठा मध्येच थांबला होता.

“म्हणजे सगळ्यायनंच तंबाखू खाल्ली?” तिने विचारलं.

“सगळ्यांनी,” डॉक्टर म्हणाले.

“आन सगळ्यायलेच डाग?”

“सगळ्यांनाच.”

बंडूजी आता घाबरले होते. “मी पाप टाळलं जी. मुक्या जिवायत भेदभाव कसा कराचा? पंगतीत असं—”

“पंगतीचं मले नका सांगू, बंडूजी,” तानाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “तुमच्याच वाड्यातल्या लग्नात आमाले लिंबाखाली वायलं बसवत. वरून वाढत, हात लागू नये म्हणून. वाढणारे तुमीच व्हते. भात सारखा वाढला तुमी, खोटं नाई बोलत. पण तवा तुमाले भेद दिसला नाई. उंदरायचा दिसला.”

तंबाखूच्या पिंजऱ्यातला एक उंदीर आपलं तोंड पुसत होता.

बंडूजींनी मला उचललं आणि मोरीवर नेऊन धुवायला लागले. मी स्वच्छ झालो. ते धूतच राहिले. माझे बरेचसे केस त्याच दुपारी गेले.

परत आले तेव्हा डॉक्टर म्हणत होते, “पुन्हा सुरू करू. नवे उंदीर मागवतो. या वेळी मी स्वतः लावीन. पण वर्ष तरी जाईल, तानाबाई.”

“वर्स?” तानाबाईने गालावर हात ठेवला. जे उंदरांना सांगितलं होतं ते तिने आता डॉक्टरांना सांगितलं. “मले झोंबून राह्यलं जी. चहा बी पेवत नाई. वर्सभर मी काय करू?”

डॉक्टर उठून तिच्याजवळ गेले. आरसा आणायलाही थांबले नाहीत. “सोडा. आजच सोडा. मी सिद्ध करू शकत नाही, तरी सांगतो.”

तानाबाईने तळहाताकडे पाहिलं. मग पिंजऱ्यांकडे. ‘साधे’ ही चिठ्ठी तिला वाचता येत नव्हती, पण कोणती चिठ्ठी कोणाची हे ठाऊक होतं.

“तुमच्यापाशी तंबाखू खाणारे लय झाले,” ती म्हणाली. “दोन पिंजरे भरून. न खाणारं कोणीच राह्यलं नाई. साध्या पिंजऱ्यात कोणी बसन का नाई?”

“नवे उंदीर येतील की.”

“येऊ द्या. तोवर मी बसतो.”

“एका बाईवरून काही सिद्ध होत नाही, तानाबाई.”

“सिद्ध तुमी करत बसजा. मले माह्या गालाचं पाह्यचं हाय.”

ती मागच्या दारात गेली आणि तिने तळहात झटकला. चुना वाऱ्यावर उडून बंडूजींच्या डोळ्यांत गेला. त्यांनी तक्रार केली नाही.

पहिले दिवस वाईट गेले. तिचं डोकं दुखायचं. ती झाडूशी भांडायची. रोजची तंबाखू घोटायची वेळ झाली की स्टोव्हला पंप मारायला निघून जायची. बंडूजी रोज घरून बडीशेप आणायचे आणि न बोलता तिच्या हातावर ठेवायचे. हातावर, वरून टाकायचे नाहीत. एकदा ती म्हणाली, “थोडीच देता जी, दुकानदाराचे लेक असून.” दुसऱ्या दिवशी पुडा आला.

नवे उंदीर आले. या वेळी डॉक्टरांनी तंबाखू माझ्याकडे आणि पाणी जोडीदाराकडे, असं स्वतः पाहिलं. जोडीदाराचा डिंक अखेर उतरला, त्याने महिनाभर तोंड फिरवून घेतलं. वर्ष सरता सरता तंबाखूच्या पिंजऱ्यात चट्टे दिसू लागले. साध्या पिंजऱ्यात दिसले नाहीत. डॉक्टर भिंग घेऊन धावत पुढच्या खोलीत आले. “तानाबाई, या, बघा! भेद पडला!”

“मले काऊन दाखवता?” ती म्हणाली. “मी सोडून बसली. तुमी माह्यं पाहा.”

ती रोग्याच्या खुर्चीत बसली आणि तिने तोंड उघडलं. बंडूजींनी दिवा धरला. डॉक्टरांनी गाल बाजूला सारून पाहिलं. पुन्हा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं.

“डावा गाल, डाक्टर,” तानाबाई तोंड उघडं ठेवूनच म्हणाली. “डाग डाव्या गालाले हाय.”

“डावाच बघतोय. डाग राहिलाच नाही,” डॉक्टर म्हणाले.

बंडूजींनी दिवा आणखी जवळ आणून स्वतः वाकून पाहिलं. तानाबाईने तोंड मिटलं, झाडू उचलला आणि ती कामाला लागली. डॉक्टरांना उलट उत्तर न देता गेलेला तिचा तो पहिला दिवस.

मित्रांनो, यानंतर मी निवृत्त झालो. माझी विनंती साधी आहे. कुंचला वापरून झाला की थंड पाण्याने धुवावा आणि केस वर करून उभा ठेवावा. गालात काय ठेवायचं आणि काय नाही, ते तुम्ही ठरवाल. तुम्हाला ठरवता येतं. पिंजऱ्यातल्या उंदरांना तसं कुणी विचारलं नव्हतं. चिठ्ठ्या बाहेरून लावल्या होत्या. आपण कोणत्या पिंजऱ्यात आहोत हे त्यांच्यातल्या एकालाही कळलं नाही, आणि तरी रोज सकाळी, कुंचला आला की ते जाळीपाशी यायचे.